नव्या वळणावरचा भंडारा

कवठे महांकाळ,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. लालासाहेबास, भाऊसोचा आशीर्वाद.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. नात मोटारसायकल शर्यतीच्या सरावाला तुझ्याकडे साताऱ्यास गेली, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. माझ्या मुलामागे साक्षी एवढीच उरली, हे तुला सांगायला नको. आता ऐकतो, माळावरच्या ट्रॅकची सरळ पट्टी मोडून तिथे उलटसुलट वळण घातले. त्या ट्रॅकला एकदा धड राहू का देत नाहीत?

आपण गाड्या पळवायचो तेव्हा मातीचा नुसता गोल होता. मग विहिरीला वळसा आला. दर नव्या वळणावर आपण आधी पालीच्या खंडोबाचा भंडारा उधळला आणि दोघेही धडधाकट राहिलो. डांबर झाल्यापासून वळण बदलले ते आताच. सोबत पुडी पाठवतो. रविवारी १६ तारखेला शर्यतीआधी उधळ. पोरीला सांगू नकोस, हसेल.

माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा, भाऊसो

सातारा,
ता. १७ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस, लालासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

साक्षी सुखरूप आहे. हे दोनदा वाचा, मग पुढे जा.

सकाळी कुणी नसताना सगळी पुडी उधळली. मातीत भंडारा जिरायचा. डांबरावर तो तसाच राहिला, आणि हे माझ्या डोक्यात आले नाही. सरावाच्या पहिल्याच फेरीत साक्षीचे मागचे चाक त्यावरून सरकले. गाडीसकट गवतात गेली. कोपर सोलले, बाकी काही नाही. मुख्य पंच हंबीरराव मला म्हणाले, की आवं, ह्यो ट्रॅक हाय का खंडोबाची जत्रा! मी काही बोलायच्या आत साक्षी पुढे झाली. आमच्या घरच्यांनी केलंय, शिक्षा मला द्या, म्हणाली. वळण धुतले, शर्यत लांबली, तिला सगळ्यांच्या मागे उभे केले. दहा जणांत सहावी आली. आबांना कळवू नका, असे तिने बजावले होते. पण न कळवावे तर तुम्ही पुढच्या वेळी याहून मोठी पुडी पाठवाल.

रागावलात तरी आपला म्हणा.
आपला, लालासाहेब

कवठे महांकाळ,
ता. २४ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षीस, आबांचा आशीर्वाद.

लालाने सगळे कळवले. त्याच्यावर चिडू नकोस. पुडी माझी होती. मी वळणाला भीत बसलो आणि तुला पाडले मीच.

शर्यत सोड, असे लिहायला बसलो होतो. पण सहावी आलीस म्हणजे पडल्यावर त्याच वळणावरून पुन्हा पुन्हा गेलीस. लालाने ते लिहिलेही नाही. मग मी काय लिहू?

पुढच्या शर्यतीला मी येतो. फाटकावर हंबीररावांना माझे खिसे तपासू देत, मला राग नाही. फक्त खुर्ची अशी टाक, की ते वळण दिसणार नाही. तू त्यातून बाहेर आलीस, की तेवढे मला दिसू दे.

कोपराला हळद लाव आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस.
तुझा आबा