अवंतीजवळ कोण बसणार

मी, नीलकंठ रामराव दाणी, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त फिटर, राहणार कांचघर, जबलपूर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. परवा हृदयाची शस्त्रक्रिया आहे, तिची धास्ती एवढेच कारण.

१. माझ्या कमाईचे राहते घर मुलगा सुशांत याची मुलगी, माझी नात अवंती हिला मिळावे. ती नऊ वर्षांची असून मालिकांत काम करते. ती सज्ञान होईपर्यंत घर विकू नये. सुशांत, घर विकून मुंबई गाठायचा तुझा बेत मला ठाऊक आहे.

२. बँकेतील ठेव अवंतीसोबत शूटिंगला जाणाऱ्या घरच्या माणसाच्या खर्चासाठीच वापरावी. कारण सांगतो. गेल्या पौषात नर्मदेच्या घाटावर बुडण्याचा प्रसंग घेत होते. पोरीला पुन्हा पुन्हा पाण्यात उतरवले. ओठ निळे पडले, तरी शूटिंगचा मॅनेजर श्यामसुंदर म्हणे, "दादाजी, बस एक टेक और!" मी कपड्यांनिशी पाण्यात शिरलो, तिला उचलले आणि कलाकारांच्या युनियनच्या प्रणोती दीदींना फोन लावला. त्या आल्या. डॉक्टर नाही, शेकायला शेगडी नाही, हे पाहून त्यांनी काम थांबवले.

अवंतीचा रोल गेला. सुशांत ओरडला, "बाबा, तुम्ही काहून मध्ये पडले?" अवंतीही रडली. तेव्हापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही.

३. अवंतीला हे काम आवडते. ते सोडायला लावू नये. पुढच्या महिन्यात नवी मालिका आहे. करार आधी प्रणोती दीदींना दाखवावा. शाळा, विश्रांती, घरचे माणूस नजरेसमोर, हे त्यात लिहून घ्यावे. मी नसलो तर तिच्याजवळ कोण बसणार, या विचाराने जीव थाऱ्यावर नाही.

४. माझी हत्यारे गुणवंतला द्यावीत. कारखान्यात माझी बोटे गेली, तेव्हा युनियनतर्फे तोच साहेबांपुढे उभा राहिला, म्हणून नोकरी टिकली. श्यामसुंदरवरचा राग कोणालाही देत नाही. तो माझ्यासोबत जाईल.

५. अवंती, थंडी वाजली तर वाजते म्हण. भूक लागली तर लागली म्हण. त्याने नटी म्हणून कोणी लहान ठरत नाही.

दुसरी साक्ष सुशांतची घ्यावी. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याची साक्ष चालत नाही; त्याला यात काही मिळत नाही, म्हणून चालेल; आणि त्याने हे वाचावे, म्हणूनही.

जबलपूर, ११ नोव्हेंबर २०२४
(सही) नीलकंठ रामराव दाणी

साक्षीदार, यांच्यादेखत सही झाली:
१. (सही) मुरलीधर बक्षी, शेजारी
२. (सही) सुशांत नीलकंठ दाणी, मुलगा. बाबा, ऑफिसात सुट्टी टाकली आहे. अवंतीजवळ मी बसतो. तुम्ही बरे होऊन या.