पॅडवर आलेला हिरवा रंग

बाबा, त्या राखाडी जीपच्या दिव्याच्या खाचेतून तुम्ही कापडाचा एक तुकडा ओढून काढला होता. तो कशाचा होता, हे तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि हा प्रश्न मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. उत्तर मला माहीत नाही. तेव्हा मी दहा वर्षांची होते, शेडच्या कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून पाढे म्हणत होते. तुकडा तुम्ही उजेडात धरून पाहिलात. लाल होता, त्यावर पांढरी फुलं होती. मी विचारलं, "काय आहे बाबा?" आणि तुम्ही माझ्यावर ओरडलात, "गाडीले काय झालं थे इचारायचं नाही. घरी जाय." माझ्यावर तुम्ही ओरडल्याचं मला एवढं एकदाच आठवतं. तुकडा तुम्ही खिशात टाकला. पुसायचं फडकं असेल, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. असूही शकतं. शेडमध्ये फडकी कमी नव्हती.

गाड्या घासून चमकवायची तुमची ती शेड आता मी चालवते. आई सांगते की बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन आधी शेडमध्ये गेले, मग घरी आले. खरं आहे ते. घरात पहिलीच पदवी, सगळ्यांना वाटलं आता ही बँकेच्या परीक्षा देणार. मला मात्र पत्र्याच्या या शेडमधला पॉलिशच्या कंपाउंडचा वास सोडवत नव्हता. आता मशीन हलकं आलंय, तुमच्यासारखा खांदा दुखत नाही. धंतोलीतले डॉक्टर गाड्या देऊन जातात, झाडाखाली उभ्या करून निस्तेज झालेल्या, चुकीच्या कापडाने पुसून पुसून बारीक ओरखड्यांची जाळी पडलेल्या. मी आधी धुते, मग हात फिरवून खडबड बघते, मग मशीनला स्पंजाचा पॅड लावते. तुमची एक पद्धत मी कधीच सोडली नाही. सगळ्यात खराब भागावर मधोमध टेप लावायची, एक बाजू घासायची, दुसरी तशीच ठेवायची आणि गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायची. तुम्ही म्हणायचे, "तोंडानं सांगू नोको, अर्धं करून दाखव."

परवा सकाळी आई चहा गाळता गाळता सांगत होती, "उमरेड रोडवर त्या संत्र्यावाल्या बुढ्याले कोण्या गाडीनं उडवलं म्हणते. ठेल्याचा पार चुराडा. थांबला बी नाही मेला." म्हातारा दवाखान्यात आहे, अजून शुद्धीवर नाही, असं शेजारणीने तिला सांगितलं होतं. मी ऐकलं आणि डबा घेऊन निघाले. रोज अशी एखादी बातमी असतेच. शेडवर पोचले तर एक मोठी पांढरी गाडी उभी. मालक साठीचा, कंत्राटदार, स्वच्छ कपड्यांतला माणूस. डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वरपासून दारापर्यंत लांब ओरखडे. पोराने भिंतीला घासली, असं म्हणाला. "संध्याकाळपर्यंत होऊन जाईल ना बेटा? परवा घरी लग्न आहे." मी होईल म्हटलं. चावी ठेवून तो गेला.

मी गाडी धुतली. टेप लावली. घासायला लागले. चारपाच फेऱ्या झाल्यावर सवयीने पॅड उलटून बघितला तर त्यावर हिरवा रंग. बाबा, आधी मला वाटलं, घासता घासता रंगावरचा कोटच जाळला मी. तुमच्या काळच्या गाड्यांचा रंग फडक्यावर यायचाच. आताच्या गाड्यांवर रंगाच्या वर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, आपण घासतो तो थर. त्यामुळे पॅडवर गाडीचा रंग यायला नको. आला तर थर फुटला आणि आता पूर्ण पत्रा पुन्हा रंगवावा लागणार. वाकून, टॉर्च लावून बघितलं. थर शाबूत होता. सुटले, असं म्हणत मी कपाळ पुसलं आणि तेवढ्यात लक्षात आलं, की गाडी तर पांढरी आहे. हिरवा रंग हिचा नाहीच. तो चिकट होता, बोटाला ओढ देणारा, लाकडाला लावतात तो ऑइलपेंट. ठेल्यांना लावतात तो.

भिंतही हिरवी असू शकते, असं मी मोठ्याने म्हणाले. ऐकायला शेडमध्ये कोणी नव्हतं. मग बंपर आणि पत्र्याच्या फटीत टॉर्च मारला. आत लाकडाचं एक कुसळ अडकलेलं, बोटाच्या पेराएवढं, एका बाजूने हिरवं. माझी बोटं आपोआप तिकडे गेली. धरलंही मी ते. फटीतला कचरा काढायचाच असतो, नाहीतर पॅडमध्ये येऊन नवे ओरखडे पडतात, हे तर तुम्हीच शिकवलेलं. ते कुसळ चिमटीत धरून मी किती वेळ तशी वाकून उभी होते सांगता येत नाही. जीपमधून कापड ओढणारा तुमचा हात मला माझ्याच मनगटावर दिसत होता. मी ते ओढलं नाही. बोटं सोडवून घेतली आणि बादलीवर बसले.

मी लहानपणापासून मोठमोठ्या गोष्टी बोलत आले आहे, बाबा. विहारात भाषण करायचे तेव्हा तुम्ही मागे उभं राहून ऐकायचे आणि लाजायचे. अन्यायाविरुद्ध बोललं पाहिजे वगैरे. त्या सगळ्या भाषणांत पाय थरथरतात हे कुठेच नव्हतं. अर्धी बाजू मी घासून बसले होते. तिथलं जे काही होतं ते माझ्या पॅडवर आलं होतं. टेपच्या पलीकडची बाजू तेवढी उरली होती. अजून दहा मिनिटं मशीन चालवलं की काहीच उरणार नव्हतं, काम सुंदर झालं असतं आणि मला कोणी काही विचारलं नसतं.

संध्याकाळी तो आला. मी सांगितलं, मशीन बंद पडलं, उद्या दुपारी देते. खोटं बोलताना माझा आवाज इतका गोड झाला की मलाच शरम वाटली. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. चमकलेली अर्धी बाजू बघितली, उरलेली अर्धी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"तुह्या बाबानं माही जीप केली होती एकदा. राखाडी. आठवते काय तुले?"

"लहान होते काका."

"काय हात होता त्याचा! अन् तोंडाले कुलूप. कधी काही इचारलं नाही त्यानं." मग हसून म्हणाला, "तू तं शिकलेली हायस. तुले सांगाची गरज नाही."

तो गेल्यावर मी आतून कडी लावली आणि कडी धरूनच उभी राहिले. घरी गेले तर आईने चेहरा बघूनच ओळखलं. सगळं सांगितलं तिला. फक्त जीपचं नाही सांगितलं.

"तू काहून पडून राहिली यात?" ती म्हणाली. "थे मोठे लोक. आपण दोघी बाया."

"मी नाही पडले आई. गाडी माझ्याकडेच आली."

"तुले भेव नाही वाटत काय वं?"

"वाटून राहिलं ना."

"मंग?"

तिने माझ्या ताटात भात वाढला, मी नको म्हणत असताना अजून वाढला आणि पाठ फिरवून गॅस पुसत राहिली. पुसून झालेला गॅस पुन्हा पुसत राहिली.

काल सकाळी शेड उघडायच्या आधी मी ठाण्यात गेले. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतला होता. बाकावर बसले आणि पिशवी मांडीवर दाबून धरली. हवालदारबाईंनी कागद उघडून बघितला. "हे काय वं? भांडे घासाचा स्पंज?" मी समजावून सांगायला लागले, थर म्हणजे काय, कोणत्या गाडीचा रंग पॅडवर येतो आणि कोणत्या गाडीचा येत नाही. त्या ऐकत गेल्या आणि मध्येच म्हणाल्या, "थांब थांब, हे साहेबाले सांग. मले डोक्यावरून चाललं." साहेबांनी दोनदा विचारलं, "अर्धीच काहून घासली?" मी म्हटलं, आमच्याकडे आधी अर्धीच करून दाखवतात. फटीतलं कुसळ मी काढलं नाही, तेही सांगितलं. दुपारपर्यंत गाडी त्यांनी नेली. जाताना त्याच बाई हळूच म्हणाल्या, "आठ दिवस दुकान बंद ठेव. एकटी जाऊ येऊ नोको."

त्या म्हाताऱ्याला ज्या गाडीने उडवलं ती हीच, असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. रंग जुळेल किंवा जुळणार नाही. नाही जुळला तर मी एका भल्या माणसाच्या घरच्या लग्नात पोलीस पाठवले. जुळला तर तो माणूस मला ओळखतो, माझं घर ओळखतो, तुम्हाला ओळखत होता. दोन्हींत जास्त भीती कशाची वाटते हे ठरवता येत नाही. आज शेड बंद आहे आणि मी आत बसून हे लिहिते आहे. पत्र्यावर खार धावली तरी लेखणी थांबते. गल्लीत गाडीचा वेग कमी झाला की मी श्वास धरते. ती पुढे गेली की सोडते. पत्र कुठे पाठवणार मी, लिहून झालं की याच वहीत राहील.

पण एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीपर्यंत यायला वेळ लागावा म्हणून. ठाण्यात सही करायला कागद पुढे आला, तेव्हा मी साहेबांना म्हटलं, अजून थोडं लिहायचं आहे. राखाडी जीप, लाल कापड, पांढरी फुलं, सगळं सांगितलं. जीप घासणाऱ्याचं नाव काय, साहेब म्हणाले. मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं, मग सही केली. जीपबद्दल मला तिथे कोणीही विचारलं नव्हतं, बाबा.