द्राक्षबियांच्या तेलाची दोन टोपणं

१ जुलै २०१८, रविवार

शेगावला सेमिनार. आधी महाराजांचं दर्शन, मग लॉजच्या हॉलमध्ये रंगराव सरांचं लेक्चर. रंगराव म्हणजे आमच्या हिच्या, आशाबाईच्या, मावसबहिणीचे मिस्टर. आधी विमा विकायचे, आता द्राक्षाच्या बिया. आपण द्राक्ष खातो आणि बी थुंकतो, सगळी ताकद तिथंच जाते म्हणे. तेलात व्हिटॅमिन ई, अर्काच्या कॅप्सूलमध्ये अँटिऑक्सिडंट. रक्ताभिसरण, पायाची सूज, केस, त्वचा, झोप, नजर. नजर म्हणाले तेव्हा मी मान वर केली.

संकल्प: दिवाळीपर्यंत कृषी केंद्र बंद. यापुढे हाच बिझनेस. बियाणं आणि फवारणीची औषधं विकून अर्धं आयुष्य गेलं, पुरे झालं. बीटी कपाशी आली तेव्हा साखरखेर्ड्यात घरोघरी मीच सांगितलं होतं की आता बोंडअळी संपली. अळीला तेवढं कोणी सांगितलं नाही.

३ जुलै, दिवेलागण

नजरेबद्दल एकदा लिहून टाकतो. शटर ओढायच्या वेळी दुकानासमोरच्या बाकावर शेषराव बसलेला दिसतो. हातात कपाशीचं पान. पंधरा वर्षं तो असाच यायचा. पान दाखवायचा, मी बघायचो, बाटली काढून द्यायचो. आता काही बोलत नाही, नुसता बसतो. तो वारला त्याला पोळ्याच्या सुमारास वर्ष होईल. फवारता फवारता वावरातच पडला.

म्हणजे हा डोळ्यांचा प्रश्न आहे. रेटिना वीक झाली असणार. रंगराव सरांच्या पुस्तिकेत रेटिनाचं वेगळं पान आहे.

५ जुलै

कोर्स सुरू. लेबलवर दिवसाला एक कॅप्सूल लिहिली आहे. लेबल लिहिणारे भित्रे असतात, हा माझा धंद्यातला अनुभव. लेबलवरच्या डोसानं काही मेलेलं मी पाहिलेलं नाही. दोन घेतल्या. वरून तेलाची दोन टोपणं. एकट्या औषधात दम नसतो, कॉम्बिनेशन पाहिजे.

स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्याबद्दल पुस्तिकेत बारीक अक्षरात काहीतरी होतं. नजर सुधारली की वाचेन.

१२ जुलै

आशाबाईला या तेलात भजी तळायला लावली. तेल कितीही तापलं तरी लवकर धूर सोडत नाही, हा मोठा पॉइंट आहे. ती म्हणाली, धूर नाही हे खरं, पण तेलाले वासच नाही, आपण भजे खाऊन राह्यलो का कापूस तेच समजत नाही. परत फल्लीचं, शेंगदाण्याचं तेल काढलं. घरातून सपोर्ट शून्य.

२० जुलै

शेजारच्या हार्डवेअरवाल्या अन्वरला सॅम्पल दिलं. त्यानं दाढीला लावलं. हुस्नबानोभाभींनी दाढीची तारीफ केली म्हणे. मी लगेच मेंबरशिपचा विषय काढला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ते सारं ठीक हाय भगवानराव, पण तुम्ही रोज शामले रिकाम्या बाकाकडे पाहून मान कोणाले हलवता?

मानेचा व्यायाम आहे, असं सांगितलं. बाक काढून टाका, म्हणाला.

२२ जुलै

बाक उचलून गोडाऊनमध्ये ठेवला. कोणाच्या सांगण्यावरून नाही, जागा मोकळी व्हावी म्हणून. संध्याकाळी शेषराव उभा होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत होता.

२३ जुलै

बाक परत आणला. गिऱ्हाइकांना बसायला लागतो. कॅप्सूल चार केल्या.

१० ऑगस्ट

दुकानात फवारणीच्या औषधाचा वास असतोच, त्याची सवय आहे. आता तो घरी येतो. अंघोळीच्या पाण्याला येतो, काल वरणाला आला. आशाबाईला येत नाही. तिला म्हटलं, हे शरीरातलं टॉक्सिन बाहेर पडत आहे, कोर्स लागू पडत असल्याची खूण. ती म्हणाली, मंग तुम्ही जेवताना दाराकडे काऊन पाहता?

मला भीती वाटते असं तिला वाटतं. तसं काही नाही. थोडी वाटते.

१९ ऑगस्ट

मनकर्णाबाई आली. शेषरावची बायको. हातात फोडलेलं बोंड, आत गुलाबी अळी. त्यायले मागच्या साली जे देलं होतं तेच द्या भाऊ, म्हणाली. आता मीच फवारून राह्यली.

स्टॉक नाही, असं सांगितलं. स्टॉक माझ्या पाठीमागे होता. तालुक्याला कृषी ऑफिसात जा म्हटलं, तर तिथं आपल्या ओळखीचं कोणी नाही, भरोसा तुमच्यावर हाय, म्हणाली. पोळा झाल्यावर पुन्हा येते.

तिचे हात भेगाळलेले होते. द्राक्षबियांच्या तेलाची बाटली फ्री दिली, मसाजसाठी. ती गेल्यावर बरं वाटायला हवं होतं.

३० ऑगस्ट

दाढी करताना कापलं. रक्त थांबेना. दुपारी गल्ल्यावर बसलो असताना नाकातूनही आलं. रंगराव सरांना फोन केला. डिटॉक्स आहे, डोस चालू ठेवा, म्हणाले. अन्वरनं मला पंचा दिला आणि त्याच पंच्यानं बाकही पुसला, कारण थोडं रक्त तिथं सांडलं होतं. मी बाकाकडे कधी गेलो होतो ते आठवत नाही.

३ सप्टेंबर

आशाबाईनं मेहकरला डॉक्टरांकडे नेलं. बाटल्या तिनंच पिशवीत भरल्या होत्या. डॉक्टरांनी लेबल वाचलं. तेल स्वयंपाकात वापरा, हरकत नाही, म्हणाले. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना या कॅप्सूल, त्याही चौपट, हे कोणी सांगितलं? मीच ठरवलं, म्हटलं. ते हसले. औषधं मनानं मिसळायची नसतात आणि लेबलवरचा डोस उगाच छापलेला नसतो, म्हणाले. तुमचं तर कृषी केंद्र आहे, तुम्ही लोकांना हेच सांगत असाल.

हो, म्हणालो. आशाबाई खिडकीबाहेर बघत होती.

कोर्स बंद. रंगराव सरांचा फोन लागत नाही. गोडाऊनमध्ये खोकी तशीच आहेत.

६ सप्टेंबर

शेषरावच्या वर्षश्राद्धाला जावं लागलं. फोटोपुढे दिवा. तेल माझंच. हाताले कायले लावू, देवापुढंच बरं, मनकर्णाबाई म्हणाली. लय चांगलं तेल हाय भाऊ, काजळी धरत नाही.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणी प्रॉडक्टची मनापासून तारीफ केली. मी ताट तसंच ठेवून उठलो.

११ सप्टेंबर

पोळा झाला. मनकर्णाबाई आली. या वेळी औषधाची बाटली तिला समोर फळीवर दिसली, त्यामुळे द्यावी लागली. एका पंपाले किती टोपणं टाकू, तिनं विचारलं.

बाकावर शेषराव होता. इतके दिवस खाली पानाकडे बघायचा, आज मान वर करून माझ्याकडे बघत होता. त्यालाही उत्तर हवं असल्यासारखा.

लेबलवर आहे तेवढंच, म्हणालो. एक टोपण. दुसरं काहीच मिसळायचं नाही. तोंडाला फडकं बांधायचं, हातमोजे घालायचे, वाऱ्याच्या तोंडी उभं राहायचं नाही. हातमोजे माझ्याकडून दिले. छान समजावून सांगितलं, डॉक्टरांसारखं.

ती बाटली हातात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, मंग त्यायले दोन काऊन सांगतले होते भाऊ? अन् वरून ते दुसरं औषधबी? मीच टोपणं मोजून देत होती.

आत्ता गर्दी आहे, नंतर बोलू, असं सांगितलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

बरं, म्हणाली. थांबते. आणि बाकावर जाऊन बसली. शेषराव थोडा सरकला.

शटर ओढायची वेळ झाली आहे. दोघंही अजून बसलेली आहेत. उद्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा.