मधोमध ठिगळ असलेली चादर

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायलाही जमत नाही. पण परवा मला स्वतःचाच धक्का बसला. त्याच्या आदल्या दिवशी आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या नव्या डॉक्टरांनी हर्नियाच्या एका साध्या ऑपरेशनचा कचरा पिशव्यांत भरून जमिनीवर ओळीनं मांडला. कागदी गाऊन, कागदी चादरी, प्लॅस्टिकची वेष्टनं. टाके बोटभर, आणि पिशव्या भिंतीपासून दारापर्यंत. कित्येक वर्षं मी हेच रोज फेकत आले आणि एकदाही वळून पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पुन्हा धुवायच्या कापडावर यायचं म्हणतोय. जुन्या पद्धतीचं कुणाला काही आठवतं का?" तिथली सर्वांत जुनी मीच, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी आपल्या लॉजवरची चादर घेऊन गेले.

ते प्लेगच्या बातम्यांचं वर्ष. भंडारदऱ्याला धबधबे भरून वाहतायत, दसरा तोंडावर आलाय आणि आपल्या सहा खोल्यांत चिटपाखरू नाही. रोग तिकडे सुरतेत, पण मुंबई-नाशिकचं गिऱ्हाईक घराबाहेर पडायला तयार नाही. तुम्ही रोज सकाळी अंगण झाडता, एसटी येते, गावचेच चार जण उतरतात, एसटी जाते. अशात तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या. लोक शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायला घाबरतायत, सगळी ऑपरेशनं माझ्याच गळ्यात पडलीत, कापड पुरत नाही, जुन्या चादरी असतील तर द्या, म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "जुन्या कशापायी, बाई? खोल्या मोकळ्याच हायेत. नव्या न्या." त्याच उन्हाळ्यात घेतलेल्या बारा पांढऱ्या चादरी तुम्ही स्वतः टेम्पोत चढवल्यात.

दिवाळीनंतर त्या परत आल्या. धुतलेल्या, वाफेच्या भट्टीतून काढलेल्या, आपल्याकडे कधीच नव्हत्या इतक्या स्वच्छ. आईनं पहिली झटकली आणि तशीच उभी राहिली. "आवो, हिला तर भोक हाय. बरुबर मधी." दुसरीला, तिसरीला, सगळ्याच चादरींना. पेशंटचं अंग झाकून कापायची तेवढी जागा उघडी ठेवायची म्हणून ते भोक, हे आपल्याला कुठून माहीत असणार? तुमचा चेहरा बघून मी घाबरले. मग तुम्ही पायरीवर बसलात आणि म्हणालात, "गिऱ्हाईक वर निजल्यावर भोक दिसतंय व्हय?" त्या वर्षात आपण तिघं तेवढं एकदाच पोटभर हसलो. आईनं दोन दुपारी बसून बाराही चादरींना चौकोनी ठिगळं लावली.

नाताळात पहिलं कुटुंब आलं, मुंबईचं. त्यांच्यातल्या बाईंनी ठिगळावर बोट ठेवून विचारलं, हे काय? त्यांना सांगितलं गेलं की या चादरीत ऑपरेशन झालंय, बाळंतीण आणि मूल दोघंही वाचलीत. सांगण्यात अभिमानच होता. बाई हात झटकत उठल्या आणि चहा निवायच्या आत त्यांचं सामान गाडीत गेलं. रोगाची भीती लोकांच्या मनातून गेली नव्हतीच. ड्रायव्हर लोकांत नाव पडलं, दवाखान्याच्या चादरीवालं लॉज. उन्हाळ्याच्या तोंडाशी तुम्ही खोल्यांना कुलूप लावलंत आणि दुसऱ्याच्या हॉटेलात कामाला लागलात.

ती गाडी गेल्यावर तुम्ही अंगणात उभं राहून विचारलं होतं, "कोन बोललं त्यांना?" आई म्हणाली, "माझ्याच तोंडातून गेलं." त्यानंतर तुम्ही जगलात तोवर घरातलं प्रत्येक भांडण एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. "तुझ्या जिभेनं बुडिवलं आपल्याला." आई उठून कामाला लागायची.

परवा थिएटरमध्ये ती चादर हातोहात फिरली. पोरी ठिगळाचे टाके बघत राहिल्या, ही कुठली म्हणून विचारू लागल्या. मी सगळं सांगितलं, आणि त्या जागी आल्यावर अगदी सहज बोलून गेले, "आमच्या आईनं सांगून टाकलं त्यांना." माझाच आवाज ऐकून मी गार पडले. तुम्ही नाही, कुणी जाब विचारत नाही, आणि तरी मी पुन्हा तिलाच पुढं केलं.

आई आता माझ्याकडेच असते. पलीकडे शेंगा फोडत बसलीय. मघाशी विचारत होती काय लिहितेस म्हणून. थिएटरच्या कापडाची यादी, म्हणाले. हा कागद त्याच चादरीच्या घडीत ठेवून देणार आहे.

नाना, त्या बाईंना मी सांगितलं होतं. आई तेव्हा मागं विहिरीवर होती.