खटक्याचा सीन

शुक्रवार, ७ नोव्हेंबर १९९७

पोस्टरवर सात तोंडं. सातही मोठी. त्यातल्या पाचांना सिनेमात धड पळताही येत नाही!

पहिल्याच दिवशी, तीनचा खेळ, वाशी. बायको, प्रेमला, पैठणी नेसली होती. म्हटलं, सिनेमाला पैठणी? म्हणाली, "नवऱ्याचे हात पडद्यावर येणार, मग काय गाऊन घालू?"

गेल्या वर्षी बेलापूरच्या एका रिकाम्या इमारतीत या सिनेमावाल्यांनी शूटिंगसाठी बँक उभी केली होती. तिजोरी माझ्या तुर्भ्याच्या वर्कशॉपमधून गेली. हिरोला डायल फिरवता येईना — नळ बंद करावा तसा पिळायचा. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "मानसिंगभाई, आप ही घुमाओ." तर हात माझे, तोंड त्याचं. आणि आत खटका पडतो त्याचा आवाज खास माइक चिकटवून घेतला. नखावर नख आपटावं एवढाच आवाज. साउंडवाला म्हणाला होता, "म्युझिक बंद करूंगा, सिर्फ ये बजेगा."

सिनेमा दरोड्याचा. सात जण बँक लुटणार, आणि सातही जण एकमेकांना तोच बेत समजावून सांगत बसतात. मध्यंतरापर्यंत बँकेत कोणी शिरत नाही. शिरायच्या आधी बर्फात गाणं. हिरॉइन तिजोरीच्या खोलीत केस मोकळे सोडून! व्हिलन नुसता हसतो. आणि चोर कोण, तर बँकेचाच मॅनेजर — हे मी पहिल्या रिळातच प्रेमलाच्या कानात सांगितलं होतं.

हात आले. चार सेकंद. अंगठ्याचं चिरलेलं नखसुद्धा दिसलं. म्युझिक थांबलं, सगळं गप्प — आणि दार उघडलं. खटका नाहीच! कापला लेकांनी.

रिक्षात प्रेमला म्हणाली, "तुमचा तेवढा सीन छान झाला हो." बायको आणखी काय म्हणणार?

शनिवार, ८ नोव्हेंबर

पनवेलहून कासिमभाई आले. लाकडाच्या वखारीवाले. महिन्यापूर्वी त्यांचे वडील गेले.

"मिस्त्री, अब्बा गेले ते नंबर पण घेऊन गेले."

जुन्या व्यापाऱ्यांची रीतच ती. तिजोरीचा नंबर मुलालासुद्धा सांगायचा नाही, शेवटच्या घटकेला सांगायचा. आणि शेवटची घटका झोपेत आली. आत कासिमभाईंच्या मुलीचे, हादियाचे दागिने — आजीने तिच्या नावाने ठेवलेले. निकाह पुढच्या रविवारी, सोळाला.

म्हटलं, ड्रिलने तासाचं काम. तर म्हणाले, "अब्बांच्या तिजोरीला भोक पाडलं तर अम्मी निकाहात जेवायची नाही."

मग सांगितलं, बुधवारी येतो. ड्रिल नाही, फक्त कान. शब्द दिला.

साताऱ्याहून आलो तेव्हा मुंबईच्या लोहार चाळीत तिजोऱ्या पाठीवर वाहायचो. पाठीवरच्या तिजोरीत काय हलतंय ते चालता चालता कळायचं! तिथून सुरुवात. आता उरणपर्यंत लोक 'कानवाला मानसिंग' म्हणतात. मी ऐकायला बसलो की खोलीत कोणी नको. दिलीपसुद्धा नको — माझा ड्रिलवाला, दहा वर्षं बरोबर आहे. तो दारात.

रविवार, ९ नोव्हेंबर

मनगटावरचं घड्याळ बंद पडलं. कानाला लावलं — गप्प. चावी दिली, तरी गप्प. घड्याळजीकडे टाकलं.

दुपारी भिंतीपलीकडून शेजारच्या सुचित्राबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मानसिंगरावांचे हात सिनेमात लागले, तुमचे कधी भांड्याला तरी लागू देत!" कान अजून शाबूत आहेत म्हणायचे.

सोमवार, १० नोव्हेंबर

घड्याळजी म्हणतो, "चालूच आहे की साहेब. मी हातसुद्धा लावला नाही." वेळही बरोबर दाखवतंय! काही कळलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दिलीप बायकोला घेऊन सिनेमा बघून आला. "मालक, एकदम बंडल! पण तुमचा खटका — शिट्ट्या मारणारे पण गप्प झाले."

मी म्हटलं, थापा मारू नकोस. गेलाच नाहीस तू. खटका कापलाय.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग ड्रिलला तेल द्यायला लागला. बिनकामाचं. कालच दिलं होतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पनवेल. पंखे बंद, फ्रिज बंद. भिंतीवरचं घड्याळ शेजारी पाठवलं. बायका आतल्या खोलीत, कोणी खोकेना. अम्मी पडद्याआड तसबीची माळ ओढत.

चार नंबरांचं जुनं कुलूप. असली मी चाळीस मिनिटांत उघडली आहेत. आज तीन तास बसलो. एक खटका नाही.

हादियाने चहा आणून ठेवला होता. गार झालेला कप तिनेच उचलून नेला.

कासिमभाईंना म्हटलं, आत गंज धरलाय. परत येतो. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, मिस्त्री. पण चारच दिवस आहेत."

येताना टेम्पोत दिलीप समोर बघतच बोलला. "मालक, राग नका धरू. खटका दोनदा पडला. मी दारात होतो. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम पुढे गेलात."

मी म्हटलं, गाडी चालव.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सिनेमा उद्या उतरणार. नवीन पोस्टर येऊन पडलंय. आठवड्याच्या पुढे टिकला नाही, सात तोंडं असून!

वर्कशॉपमध्ये सांगितलं, माल बघून येतो. तीनच्या खेळाला एकटाच गेलो. तीसेक माणसं. बर्फातलं गाणं निघून गेलं, मॅनेजर पुन्हा गोड बोलला. मग माझे हात आले.

या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही. माणसांकडे बघितलं. म्युझिक थांबलं. पुढच्या रांगेतल्या माणसाचा शेंगदाण्याचा हात तोंडापाशी थांबला. मग एकदम सगळ्यांचे खांदे सैल झाले. शेजारचा म्हातारा म्हणाला, "वा! क्या आवाज पकडा है."

म्हाताऱ्याचं बोलणं ऐकू आलं. डोक्यावरचा पंखा ऐकू आला.

शेवटपर्यंत बसलो. दुसऱ्यांदा बघूनही सिनेमा टुकारच आहे.

घरी प्रेमलाला विचारलं, त्या दिवशी खटका वाजला होता? ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, "अहो, त्याच्यासाठीच तर मी तुमचा हात दाबला होता."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पनवेल. सकाळी. दिलीपला खोलीत घेतलं. तिजोरीला कान त्याचा, डायल माझ्या हातात. खटका पडला की बोट वर कर, एवढंच सांगितलं. मी त्याच्या बोटाकडे बघत फिरवत राहिलो. अकराच्या सुमाराला ते चौथ्यांदा वर झालं. तिजोरीची मूठ दाबली. दार आलं.