पेटीवरची दुलई

१२ जानेवारी, सोमवार

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. आम्ही म्हणजे मी आणि माझे गुडघे. तुम्हा तिघांचंही बरं असेलच, नाहीतर एव्हाना त्याचा ठपका माझ्यावर आला असता.

हे पत्र खालच्या मजल्यावरची शिवणवाली लिहितेय. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, हे तुला ठाऊकच आहे. सांगते तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं तिला बजावलंय. पूर्वी तू माझी पत्रं लिहायचीस तेव्हा मी तीन-तीनदा वाचून घ्यायची. "आई, मी काय फसवणार आहे का तुम्हाला?" म्हणून चिडायचीस. आता मी वाचून घेणं सोडलंय. म्हटलं, म्हातारपणी माणसानं थोडा विश्वास टाकायला शिकावं.

फोन मात्र मी उचलणार नाही. अलीकडे तुम्ही सगळे तोंडात घास धरून बोलता.

तुम्ही गेलात आणि घरात नवा पाहुणा आला. गच्चीवर नगरपालिकेच्या तिघा माणसांनी एक खांब रोवला. त्याला करड्या रंगाची पेटी, पेटीला कुलूप, आणि वर काळा गोंडा. म्हणे विमानांचा आवाज मोजायचा. विमानांच्या वाटेत आपलंच घर पहिलं, म्हणून मान आपल्याला. शिवणवालीनं मला दोनदा समजावलं ते असं : नगरपालिका विमानतळाशी भांडली आणि दोन महिन्यांची मुदत ठरली. विमानांनी उडाल्या उडाल्या वळून नदीवरून जायचं, आपल्या गल्लीवरून नाही. पेटी लक्ष ठेवणार. आवाज कमी झाला नाही, तर पहाटेची विमानं बंद आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना नगरपालिकेच्या खर्चानं दुहेरी काच. कमी झाला, तर प्रकरण मिटलं, पेटी उचलून दुसऱ्या वस्तीत.

ऐकायला छान आहे. पण मला विचारशील तर, माणसाच्या गच्चीवर कान बसवायचा आणि तो फक्त आभाळातलं ऐकणार म्हणायचं, हे कुणाला पटेल? खाली चूल आहे, माणसं आहेत, बोलणी आहेत. मी त्या पेटीवर नजर ठेवून आहे.

आता तुझं. बाळ विमानानं दचकतं म्हणून वेगळं राहायला गेलीस. विमानं काय तू लग्न करून आल्यावर उडायला लागली? माझी चार पोरं याच छपराखाली झोपली. तू आणि माझा लेक स्वयंपाकघरात कुजबुजायचात आणि मी दारात आले की गप्प व्हायचात, ते काय विमानांबद्दल होतं? मी अडाणी आहे, आंधळी नाही.

परवा लेक येऊन बाळाच्या निळ्या दुलईसाठी कपाटं उपसून गेला. मिळाली नाही. मिळेल. दुलईला काही पाय फुटत नाहीत.

बाळाच्या गालाला माझा हात.

तुझी सासू
(अंगठा)


९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तीन पानं लिहिलीस, हात दुखला असेल. शिवणवालीनं वाचून दाखवलं. विशेष असं त्यात काही नव्हतं. काही विचारलं असशील तर त्याचं उत्तर 'होय' समज.

बातमी आहे. शुक्रवारी नगरपालिकेचा मोजणीसाहेब आला होता. बरोबर फायली उचलायला एक बाई. साहेब भला दिसला, चष्मा पुसत पुसत जिना चढला. त्याला गच्चीवर यायला वेळ लागला ते बरंच झालं, मला तिथलं थोडं आवरायचं होतं. मग त्यानं आभाळाकडे बोट करून काही विचारलं. आता आभाळाकडे बोट करून माणूस काय विचारणार? मी सांगून टाकलं, "साहेब, आवाज गेला. परवा एक विमान इतकं खालून गेलं की त्याची चाकं मोजली मी, पण चकार शब्द नाही. इंजिनात कापूस घालता की काय?" तो बाईकडे बघून हसला. तिनं भराभर लिहून घेतलं. मग शाईची डबी पुढे केली आणि मी अंगठा दिला.

शिवणवाली इथं पेन टाकून हातवारे करतेय. करू दे. तिला फुकटची दुहेरी काच हवी, म्हणून आवाज आहे आवाज आहे करत असते. शिवाय तिच्यावरही माझं लक्ष आहे. दिवसभर मशीनवर बसलेली दिसते, पण मशीन काही चालताना ऐकू येत नाही. कामाचं नाटक करते आणि गिऱ्हाइकांशी खिडकीतून माझ्याबद्दल बोलते. परवा दोघी माझ्याकडे बघून हसल्या. लिही गं हे. 'लिहिते' म्हणून वगळशील, तुझा काय भरवसा.

तेव्हा सूनबाई, तुझं कारण संपलं. घर देवळासारखं शांत झालंय. आता तरी ये. पाळणा मी पुसून ठेवलाय. दोऱ्याही नव्या बांधल्या.

तुझी सासू
(अंगठा)


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सूनबाई,

आशीर्वाद द्यायचा की मागायचा ते आज कळत नाही, म्हणून वरची ओळ कोरी सोडायला सांगितली होती. ही शिवणवाली म्हणाली, कोरी कशी सोडायची, काहीतरी घाला. मग हे घातलं.

रविवारी तू आलीस. बाळाला माझ्या मांडीवर दिलंस. घरात शिरल्यापासून तू छताकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे बघत होते, ही आता काय खोट काढणार म्हणून. मग बादलीतलं पाणी थरथरलं, तू उठलीस, बाळाचं अंग माझ्या हातात ताठ झालं. त्याचं तोंड उघडलं. चेहरा लाल, पाय आखडलेले, घशातली पडजीभसुद्धा दिसली मला. आणि मी वाट बघत होते, की आता रडेल.

ते रडतच होतं, पोरी.

तू बाळ उचललंस. तुझे ओठ हलले. मला फसवून बोलावलंत, असंच म्हणाली असशील. मी असते तर आणखी दोन शब्द घातले असते. तू जिना उतरून गेलीस तोवर माझे हात तसेच पुढे होते.

आधी सोपं सांगते. बाळाची दुलई मीच घेतली होती. पेटी बसवली त्याच आठवड्यात ती त्या काळ्या गोंड्यावर गुंडाळली, वरून दोरी बांधली. जवळजवळ दोन महिने. साहेब जिना चढेपर्यंत काढली आणि तो गेल्यावर परत बांधली. पेटी घरातलं ऐकते, असा माझा संशय होता, असं मी आता आतापर्यंत स्वतःलाही सांगत होते. शिवणवालीनं हे लिहिताना माझ्याकडे असं बघितलं, की कापड कापायच्या कात्रीनं माझी वेणी कापेल. कापू दे. तिचा हक्क आहे.

हे झालं सोपं. एवढ्यावर अंगठा देऊन मोकळी होणार होते, पण ही पेन खाली ठेवत नाही. वाट बघतेय.

मला ऐकू येत नाही. उजव्या कानानं अजिबात नाही. डाव्या कानाला तोंड लावून कुणी ओरडलं, तर विहिरीच्या तळातून यावं तसं थोडं येतं. कधीपासून, ते नेमकं सांगता येत नाही. एक दिवशी दिवा मालवतात तसं झालं नाही ते. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग तुम्ही. तुम्ही कुजबुजत नव्हता, सूनबाई. तुम्ही बोलत होता. मी दारात आले की गप्प होत नव्हता, बोलणं संपलं की ओठ मिटत होता, आणि मला तेवढंच दिसायचं. तुझी तीन पानं हिनं वाचली तेव्हा मी हिच्या कपाळाकडे बघून माना डोलावत होते. 'खरंच शांत आहे का, बाळाला घेऊन येऊ का?' असं तू त्यात विचारलं होतंस, हे मला सोमवारी कळलं. हिनं डाव्या कानात चारदा ओरडून सांगितलं. आणि मी 'होय समज' कळवून बसले होते.

सांगितलं का नाही, म्हणशील. तुझं आपलं बरं आहे. तू बहिरी झालीस तर लोक कागदावर लिहून दाखवतील. मला कागद दाखवून काय उपयोग? बोललेलं ऐकू येत नाही, लिहिलेलं वाचता येत नाही, मग माझ्यापर्यंत माणूस यायचं कुठल्या दारानं? म्हणून मी कुणाला कळूच दिलं नाही. सगळे लबाड, असं धरून चाललं की निदान आपण शहाणे वाटतो. आणि छपरावर ती पेटी बसलेली, मेली सगळं ऐकत. माझ्या घरात मला सोडून तिला ऐकू यायचं. ते सहन झालं नाही, म्हणून बांधली दुलई. हे खरं कारण.

आता त्याचं काय झालं ते ऐक. पेटी म्हणाली शांत आहे आणि गल्लीतली सगळ्यांत जुनी बाई म्हणाली शांत आहे, म्हणून नगरपालिका प्रकरण मिटवायला निघालीय. विमानं नदीवरून गेलीच नाहीत, वळलीच नाहीत, असं ही म्हणते. गल्लीतले सगळे सांगून थकले, पण त्यांच्या हातात पेटी नव्हती. येत्या गुरुवारी अकरा वाजता शेवटची सुनावणी आहे. तिथं सगळ्यांसमोर उभं राहून मला माझा अंगठा परत घ्यायचाय. पेटीला मी पांघरूण घातलं होतं आणि साहेबाला उत्तर दिलं ते बहिऱ्या बाईनं, हे तोंडानं सांगायचंय. लोक हसतील. हसू देत, मला थोडंच ऐकू येणार आहे?

पण साहेब उलटे प्रश्न विचारतील. शिवणवाली येते म्हणतेय, डाव्या बाजूला उभी राहून ओरडेन म्हणतेय. तिचा आवाज आहे तसा, बाजारात भाव करून करून कमावलेला. तरीही मला तू हवी होतीस. कारण तू मला फसवत नाहीस. हे मला पूर्वीही माहीत होतं. तीनदा वाचून घ्यायची ते तुझा आवाज ऐकायला बरा वाटायचा म्हणून.

दुलई धुऊन वाळत घातलीय. पेटी आता उघडी आहे. आज सकाळपासून सात विमानं गेली. मी बादलीत पाणी भरून तिच्याकडे बघत बसले होते, तशी मोजली. पेटीनंही सात मोजली असतील तर आमची दोघींची आता मैत्री.

हे पत्र आज मी वाचून घेतलं. पुरं, डाव्या कानात. हिचा घसा बसला आणि समोरच्या घरातली दोन माणसं खिडकीत आली, म्हणजे गल्लीला गुरुवारच्या आधीच सगळं कळलंय. हिनं पदरचं काही घातलेलं नाही. एक शब्द गाळला होता, तो मी घालायला लावला. 'पोरी' हा.

उत्तर लिहू नकोस. लिहिलेलं पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून ओरडून घ्यावं लागेल. बाळाच्या तळपायाला शाई लाव आणि कागदावर उमटव. पाऊल आलं तर मी समजेन, गुरुवारी तू येतेस. नसेल यायचं तर कोरा कागद घडी करून पाठव. कोरा कागद मला वाचता येतो.

माझा अंगठा खाली आहे. हा मी समजून दिलाय.

तुझी बहिरी सासू
(अंगठा)