आईच्या शेगड्या

अक्का, खुर्चीवरूनच वाकून नमस्कार (खाली वाकले की उठवायला माणूस लागतो). कशी आहेस? नऊ वर्षं विचारलं नाही, आता एकदम विचारते. अक्षर लावून वाच, माझी मजल चौथीपर्यंतच, हे तुला ठाऊक आहे.

माझी साखर वीस वर्षांची, आणि तेवढीच वर्षं घरचे म्हणतात, हिने चोरून गोड खाल्लं. (खाल्लंच. पण तो विषय वेगळा.) गेल्या महिन्यात पाय शिशाचे झाले, ओकाऱ्या, धाप, म्हणून लेकीने नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी माझ्या कानातलं मशीन पाहिलं आणि विचारलं, तुमच्या आईला ऐकू यायचं का? म्हटलं, शेवटी शेवटी दार वाजलेलं कळायचं नाही, आणि साखरही होती. बाई कागदावर आपल्या घराण्यातल्या बायकांचे गोल आणि पुरुषांचे चौकोन काढत बसल्या, मग म्हणाल्या, लघवी तपासू, घराण्यातून आलेला दोष त्यातही कळतो. मी घरून मधाच्या बाटलीत नेली. तपासणारी मुलगी बाटली हुंगून म्हणाली, "आजी, ही साखर तुमची की बाटलीची?" आणि तिने कोरी डबी हातात दिली.

निकाल आला, तो ऐकून मी दोन दिवस घरात कोणाशी भांडले नाही. अगं, आपल्या अंगाच्या कणाकणात म्हणे बारीक शेगड्या असतात, त्यांच्यावर सगळं शरीर चालतं, आणि त्या फक्त आईकडून मिळतात. बापाचा काही संबंध नाही. आईच्या काही शेगड्या मंद होत्या, त्याच आपल्यात आल्या, म्हणून साखर, म्हणून कान. (माझ्याकडून लेकाला येतील, पण त्याच्या पोरांना नाही. सूनबाईने हे दोनदा विचारून घेतलं.) आईने एक दागिना दिला नाही म्हणून तू जन्मभर बोललीस. ती जाऊन तीस वर्षं झाली, आणि तिची शेगडी माझ्या पोटात अजून पेटलेली आहे. मी आरशापुढे उभी राहून पोटावर हात ठेवला, किती वेळ ते विचारू नकोस.

माझी गोळी होती मेटफॉर्मिन (डबीवरून एकेक अक्षर उतरवलं). लाखोंना ती चांगली, पण आपल्यासारखीच्या रक्तात आंबटपणा चढू शकतो, म्हणून बाईंनी बंद केली आणि इन्सुलिन दिलं. सुईला पाहून पळणारी मी, आता स्वतः टोचते. पंधरवड्यात गच्चीवर चढले. कशाला चढले ते वर आठवेना, पण चढले.

ता.क. बाईंच्या कागदावर तुझा गोल कोराच आहे. मी त्यांना सांगून बसले, आमची अक्का ठणठणीत. मग तुझ्या लेकीला, माझ्या भाचीला, फोन केला, तर तू हीच गोळी घेतेस, पाय ओढतेस, आणि फोनवर कोणी काहीही विचारलं तरी "बरं, बरं" म्हणतेस. गोळी मनाने टाकू नकोस. उद्याच हे पत्र घेऊन तुझ्या डॉक्टरांकडे जा, आणि भाचीलाही ने, तिच्यातही त्याच शेगड्या.

ता.क.चा ता.क. नऊ वर्षांपूर्वी बसथांब्यावर मी तुला तीन हाका मारल्या आणि तू मान वळवली नाहीस. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, अक्काला गर्व चढलाय. आता कळलं काय होतं ते. ही चौथी हाक. हिला कान लागत नाहीत, चष्मा लाव.